ट्रॉलीची पिन तपासलीत का?

उसाने भरलेली ट्रॉली चढावर ट्रॅक्टरपासून सुटली, तर काय अनर्थ होतो हे सांगायला नको. तो टाळायचा तर वस्तूवर येणारा जोर ओळखावा. विहिरीच्या दोराला ताण बसतो, घराच्या खांबावर दाब येतो, ट्रॅक्टरच्या फिरत्या शाफ्टला पीळ पडतो. ट्रॉलीच्या पिनेचे दुखणे निराळे. ट्रॅक्टरचा हूक तिला पुढे ओढतो, ट्रॉलीचे कडे मागे खेचते. मधली पिन जणू कात्रीत सापडते. शास्त्रात याला कर्तन म्हणतात.

पिनेची जाडी झिजून निम्मी झाली, तर ताकदही निम्मी उरेल असे समजू नका. ती चौथाईवर येते, कारण जोर पिनेच्या सगळ्या छेदावर वाटला जातो आणि तो छेदच चौथाई उरतो.

म्हणून हंगामापूर्वी पिन काढून पुसा व तिच्यावरून बोट फिरवा. खाच लागली किंवा पिन वाकलेली दिसली, तर लगेच बदला. बांधकामाची सळई घालून वेळ मारून नेऊ नका. पिनेला क्लिप आणि जोडीला साखळी लावा. काम पाच मिनिटांचे आहे; ट्रॉलीमागून आपलीच माणसे चालत असतात.