फ्लेमिंगोच्या ताटात तीन सृष्टी!

सीवूड्सच्या डीपीएस तलावाकाठी उभं राहून गुलाबी थव्याचा रील तुम्हीही काढला असेलच. पुढच्या वेळी कॅमेरा थोडा खाली घ्या. पक्ष्यांवर नको, त्यांच्या पायाखालच्या चिखलावर. तिथे जो हिरवट-काळपट बुळबुळीत थर दिसतो, त्याला आपण बिनधास्त ‘शेवाळ’ म्हणून मोकळे होतो.

गंमत अशी की हा एकच शब्द तीन सृष्टींना पुरतो. नीलहरित शेवाळ म्हणजे खरं तर जिवाणू. पेशीत केंद्रकच नाही, म्हणून मोनेरा. डायटमच्या पेशीत केंद्रक आहे, वर काचेसारखं सिलिकाचं कवच आहे, पण सगळा संसार एकाच पेशीत; तो गेला प्रोटिस्टामध्ये. आणि दगडाला चिकटलेलं केसांसारखं हिरवंगार शेवाळ व्हिटाकरने वनस्पतींमध्ये टाकलं. लहान फ्लेमिंगो चोच उलटी करून चिखलपाणी गाळतो आणि मुख्यतः पहिल्या दोघांवर जगतो. त्याचा गुलाबी रंगही या खाण्यातल्या कॅरोटिनॉइड्समुळे. पिल्लं जन्मतात करडीच.

शाळेत पाठ केलेलं आठवतंय? लिनिअसने 1735 मध्ये दोनच गट केले होते, वनस्पती आणि प्राणी. 1866 मध्ये हेकेलने प्रोटिस्टा आणलं. 1969 मध्ये व्हिटाकरने पाच सृष्टी मांडल्या आणि कवकांना वनस्पतींपासून वेगळं घर दिलं, कारण कवकं अन्न तयार करत नाहीत, शोषून घेतात. (आपण मार्कांपुरती नावं पाठ केली, हा भाग अलाहिदा.) मग 1977 मध्ये कार्ल वूसने दाखवलं की मिथेन तयार करणारे काही ‘जिवाणू’ मुळात जिवाणूच नाहीत. ते आर्किया. तेही खारफुटीच्या चिखलात राहतात. तिथल्या सडक्या अंड्यासारख्या वासासाठी मात्र त्यांना दोष देऊ नका. ते काम जिवाणूंचं, मिथेनला वास नसतो.

विज्ञान इथवर आलं, पण 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या याद्या अजून प्राणी आणि वनस्पती अशाच आहेत. फ्लेमिंगोला संरक्षण आहे, त्याच्या ताटातल्या मोनेराला यादीत जागा नाही. त्याला वाचवायचं तर अख्खा चिखलच वाचवावा लागतो. ठाणे खाडीचं तसं झालं: 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य, 2022 मध्ये रामसर दर्जा. डीपीएस तलाव त्या हद्दीबाहेर पडतो. 2024 मध्ये तिथे भरतीचं पाणी येणं अडलं, तलाव आटला. पक्षी मेले तेव्हा बातम्या झाल्या. त्याआधी चिखलात काय काय मेलं, ते कोण मोजणार?

कॉलेजच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोप आहे ना? मग डबक्यातल्या शेवाळाचा एक थेंब स्लाइडवर घ्या. होड्यांसारखे सरकताना दिसतील ते डायटम. निळसर-हिरव्या धाग्यांमध्ये केंद्रक शोधत बसू नका. ते नाहीच.