पहिला ट्रिगर लिहिताना

बंगळुरूजवळच्या आनेकल तालुक्यात जिगणी, बोम्मसंद्र, अत्तिबेले या औद्योगिक वसाहती. शेजारी इलेक्ट्रॉनिक सिटी. समजा, जिगणीच्या एखाद्या कारखान्याने ग्राहकांच्या नोंदी सेल्सफोर्स या ऑनलाइन यंत्रणेवर ठेवल्या आहेत. एकच ग्राहक दोनदा नोंदला जाऊ नये, म्हणून नोंद साठवण्याआधी फोन नंबर तपासायचा. हे काम ‘बिफोर इन्सर्ट’ ट्रिगरचं, म्हणजे नवी नोंद साठवण्याआधी आपोआप चालणाऱ्या कोडचं.

भाषा : एपेक्स. जावा येणाऱ्याला ती लगेच ओळखीची वाटते.

नवशिक्याची ठेच : फॉर लूपच्या आत क्वेरी. एका नोंदीला कोड बिनबोभाट चालतो. पण ट्रिगरच्या हाती एका वेळी २०० पर्यंत नोंदी येतात आणि एका व्यवहारात क्वेरींची मर्यादा १००. एकशे एकाव्या क्वेरीला सगळा व्यवहार रद्द! उपाय सोपा : सगळे नंबर आधी ‘सेट’मध्ये गोळा करा, मग एकच क्वेरी मारा आणि उत्तरं ‘मॅप’मध्ये ठेवा.

चाचणी : प्रत्यक्ष वापराच्या यंत्रणेत कोड चढवण्यापूर्वी किमान ७५ टक्के ओळी चाचण्यांतून गेलेल्या लागतात.

सरावाला : सेल्सफोर्सची डेव्हलपर एडिशन आणि तिच्याच ट्रेलहेड या शिकवणी-संकेतस्थळावरचे धडे, दोन्ही मोफत. ईमेल पत्ता असला की खातं उघडता येतं.