रिंगा बसेपर्यंत

नव्या ट्रकचं पहिलं ऑइल किती किलोमीटरवर बदलायचं? यवतमाळ जिल्ह्यातल्या महागावात हायवेच्या कडेला थांबलेल्या चालकांना हा प्रश्न विचारावा. एखादा पाचशे सांगतो, दुसरा हजार. तिसरा म्हणतो, कंपनीच्या पुस्तकात असेल तेव्हा. सगळे छातीठोक सांगतात आणि आपापल्या जागी सगळे बरोबरही असतात, कारण प्रत्येकाचं उत्तर वेगळ्या काळातलं असतं. ज्याच्या हाताखाली तो गाडी शिकला, त्या उस्तादाच्या काळातलं. म्हणून गेल्या सत्तर वर्षांत हा आकडा कसा आणि का सरकत गेला, ते नीट पाहायला हवं.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला नव्या इंजिनाचा संयम ट्रकच्या आधी विहिरीवर शिकायला मिळाला. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ची. वीज पोचण्याआधी मोटेची जागा घेणारं ऑइल इंजिनाचं ते धूड नवं असताना लगेच पूर्ण ताकदीनं लावत नसत आणि त्याचं पहिलं ऑइल लवकर काढत. ट्रकची गोष्ट १९५४ला सुरू होते. टेल्कोनं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनं, जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि त्याच वर्षी जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज ट्रक बाहेर पडू लागले. १९६९ला करार संपला आणि तीन टोकांचा तारा जाऊन त्या जागी टाटांचा ‘टी’ आला. रनिंग-इनचे, म्हणजे नवं इंजिन रुळवण्याचे, नियम मात्र तेच राहिले: पहिले काही हजार किलोमीटर वेग कमी, माल कमी, आणि पहिलं ऑइल हजाराच्या आत-बाहेर.

या नियमामागे लोखंडाचं कारण होतं. पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या लायनरचा आतला भाग डोळ्यांना गुळगुळीत दिसला तरी त्यावर होनिंगच्या आडव्यातिडव्या बारीक रेघा असतात आणि त्यांना टोकं असतात. पिस्टनच्या रिंगांनाही सुरुवातीला लायनरचा नेमका गोल मिळालेला नसतो. इंजिन चालू लागलं की दोन्हींची टोकं एकमेकांवर घासून झिजतात आणि रिंग लायनरशी जुळते. हीच रिंग बसणं. झिजलेला चुरा चेंबरमधल्या, म्हणजे इंजिनाखालच्या भांड्यातल्या, ऑइलात उतरतो. त्याच्या जोडीला ओतकामातली वाळू, बेअरिंगची बारीक पूड आणि गॅस्केटच्या लेपाचे कणही असतात. झीज सुरुवातीला भराभर होते, मग झपाट्यानं कमी होते. म्हणजे सगळ्यात जास्त घाण पहिल्याच ऑइलात साठते. जुन्या इंजिनांचे फिल्टर आजच्याइतके बारीक गाळणारे नव्हते, त्यामुळे ती घाण बाहेर काढायचा एकच खात्रीचा मार्ग होता: ऑइल लवकर सोडणं, तेही इंजिन गरम असताना, म्हणजे कण तळाशी बसायच्या आत तेलाबरोबर निघून जातात.

आमच्या भागात याला हंगामाची जोड होती. नवी गाडी दसऱ्याच्या मुहूर्तावर दारात आणायची, पूजा करायची आणि लगेच कामाला लावायची, कारण तेव्हाच कापूस घरात येऊ लागतो आणि ऊसतोडीचे दिवस जवळ आलेले असतात. नव्या इंजिनासाठी या दोन मालांत मोठा फरक आहे. मोकळ्या कापसानं गाडी काठोकाठ भरते, पण वजन बेताचं राहतं. इंजिनावर मध्यम ताण येतो आणि रिंगांना नेमका तोच हवा असतो. ज्वलनाचा दाब रिंगेच्या मागे जाऊन तिला लायनरवर रेटतो. भारच नसेल तर तो दाब पुरेसा होत नाही. रिंग नुसती तेलावरून घसरते, तेल भिंतीवर जळून चकचकीत थर धरतं, आणि अशी गाडी पुढे आयुष्यभर ऑइल पिते. फार जपून, रिकामी हाकलेली नवी गाडी म्हणूनच बिघडते. ‘नवी आहे, लोड देऊ नका’ हा घराघरातला सल्ला मला अर्धाच पटतो. अतिभार नको, चढावर वरच्या गिअरला गुदमरवू नये, एकाच वेगानं तासन्‌तास धावू नये, हे खरं. पण भार हवाच.

ऊस मात्र जड. त्याहून वाईट म्हणजे कारखान्यासमोरची रांग. पोफाळीचा वसंत सहकारी साखर कारखाना असो की दुसरा कुठला, गर्दीच्या दिवसांत गाडी दहा पावलं सरकते आणि थांबते, पुन्हा सुरू होते. किलोमीटर जवळजवळ वाढत नाही, इंजिन मात्र चालू असतं. थंड, बिनभाराच्या इंजिनात न जळलेलं डिझेल रिंगांवरून खाली उतरून ऑइल पातळ करतं, काजळीही साठते. माझ्या मते रनिंग-इनबद्दल सगळ्यात कमी बोललं गेलेलं सत्य इथं आहे. इंजिनाचं वय तासांनी मोजावं. सरासरी ताशी ३० किलोमीटर पडत असतील तर १०,००० किलोमीटरला साधारण ३३३ तास लागतात. रांगेत आणि शेतरस्त्यावर हीच सरासरी १०वर आली, तर तेवढ्याच किलोमीटरला १,००० तास. मीटरवर आकडा तोच, ऑइलची दशा तिप्पट वाईट.

ऑइलाचं आयुष्य कमी करणारा दुसरा शत्रू डिझेलमध्येच होता: गंधक. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या डिझेलमध्ये एक टक्क्यापर्यंत, म्हणजे १०,००० पीपीएमपर्यंत गंधक चालत असे. ते जळून आम्ल तयार होतं, आणि ते मारण्यासाठी ऑइलात घातलेली आम्लारी झपाट्यानं संपते. मग प्रदूषण-मर्यादांचे भारत स्टेज (बीएस) टप्पे आले. बीएस-२मध्ये गंधक ५०० पीपीएमवर, बीएस-३मध्ये ३५०वर आलं. १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झालेल्या बीएस-४मध्ये ते ५० आणि १ एप्रिल २०२०च्या बीएस-६मध्ये अवघं १० पीपीएम झालं. चालकाला यातलं काही दिसत नव्हतं. त्याला एवढंच दिसलं की कंपनीच्या पुस्तकातला ऑइलचा आकडा दर नव्या मॉडेलला वाढतोय. त्याचा अविश्वास मला समजतो. ज्यानं काही हजारांवर निघालेलं ऑइल डांबरासारखं पाहिलंय, त्यानं चाळीस हजारांवर विश्वास कसा ठेवावा?

ऑइलही बदललं. एकाच ग्रेडच्या जाड तेलाची जागा १५डब्ल्यू-४०नं घेतली. डब्यावर सीएफ-४, मग सीएच-४, सीआय-४ अशी दर्जाची अक्षरं पुढे सरकत गेली. कारखान्यांतही सुधारणा झाल्या. कंपनीची धुरा सांभाळणाऱ्या सुमंत मुळगावकरांच्या काळात टेल्कोनं पुण्यात १९६६पासून जो कारखाना उभारला, त्यात यंत्रं आणि साचे बनवणारे विभाग आधी आले, वाहनं नंतर. लायनरचा पृष्ठभाग किती नेमका कापला जातो यावर रनिंग-इन किती लांबेल ते ठरतं. हल्ली प्लॅटो होनिंगमध्ये रेघांची टोकं कारखान्यातच घासून काढतात, म्हणजे पूर्वी हजार किलोमीटर करत असलेलं काम यंत्र आधीच करून ठेवतं. त्यामुळे आजच्या नव्या गाडीचं ऑइल पाचशेवर काढून फेकण्यात फायदा थोडा आणि खर्च मोठा.

एक जागा मात्र अशी आहे जिथं जुना नियम आजही जसाच्या तसा लागू होतो, ती म्हणजे गॅरेज. हाफ इंजिन केलं, म्हणजे लायनर-पिस्टन नवे टाकले, की गाडी पुन्हा १९७०च्या काळात जाते. तिथं कारखान्याची स्वच्छता नसते, बांधताना उघड्या भागांवर धूळ बसते. अशा इंजिनाचं पहिलं ऑइल आणि फिल्टर हजाराच्या आत काढलेच पाहिजेत, आणि ते काढताना चेंबरच्या प्लगला किती चुरा चिकटलाय ते बोटानं तपासलं पाहिजे. गाडी बांधून झाल्यावर मालकाच्या समाधानासाठी ती तासभर जागेवर चालू ठेवण्याची पद्धत बंद व्हायला हवी. गळती तपासण्यापुरती मिनिटं पुरेत. मग अर्धा माल भरून रस्त्यावर काढावी.

बीएस-६नं काळजीची दिशाच फिरवली. धुराच्या वाटेत काजळी पकडणारा डीपीएफ बसला. ऑइलातल्या धातूंची राख त्यात अडकते आणि जळत नाही, म्हणून कमी राखेचं, सीके-४ दर्जाचं तेल लागतं. डीपीएफ साफ करताना जादा डिझेल सोडणाऱ्या गाड्यांत त्यातलं थोडं चेंबरमध्ये उतरू शकतं. आजवर गेज पट्टीवर ऑइल उतरलेलं दिसलं की घाबरायचो. आता वर चढलेलं दिसलं तरी थांबायला हवं.

तासांचा हिशेब जुनी गाडी घेतानाही विसरू नये. गेल्या काही वर्षांत नागपूर–तुळजापूर महामार्गाचं चौपदरीकरण झालं. वारंगा ते महागाव सुमारे ६७ किलोमीटर आणि महागाव ते यवतमाळ सुमारे ८०, असे त्याचे दोन टप्पे महागावलाच येऊन मिळतात. अशा कामावर मुरूम-गिट्टी वाहणारे टिपर खाण ते रस्ता एवढ्याच अंतरात फिरतात, हायड्रॉलिकसाठी जागेवर चालू राहतात, आणि काम आटोपलं की जुन्या बाजारात विकायला येतात. मीटरवर किलोमीटर कमी म्हणून लोक खुशीत घेतात. अशी गाडी घेताना आधी इंजिनाचे तास पाहावेत. मग इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढावं आणि तिथून धुराचा झोत येतो का ते पाहावं. झोत जोराचा असेल तर रिंगा बसल्याच नाहीत, किंवा बसून संपल्या. मग मीटर काहीही दाखवो, किमतीतून हाफ इंजिनाचा खर्च वजा करूनच बोलणी करावी.