गोठ्याचा वासा किती खोल पुरावा?



3 जून 2020 रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकले. त्या वर्षी दिवाळीत आम्ही पनवेलजवळ नावडे येथे पाहुण्यांकडे गेलो होतो. दारचा मांडव वादळात आडवा झालेला. शेजाऱ्याचा मात्र उभा. लाकूड दोघांचे सारखेच. पडलेला वासा मोडला नव्हता, बुडातून उपटून आला होता. खड्डा जेमतेम दीड फुटाचा! शेजाऱ्याने साडेतीन फूट खोल घेऊन दगड-मुरूम ठोकून भरला होता.

आम्हांला आपल्याच गटातील एक गोठा आठवला. "दोन फूट पुरे," असे आम्हीच सांगितले होते. वळवाच्या वाऱ्यात गोठा कलंडला, एक गाय जायबंदी झाली. ती चूक आमची. म्हणून हा लेख.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. बांधकामाच्या हिशेबात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर, मुंबईसाठी 44 मीटर धरतात. 39 मीटर वेगाला दर चौरस मीटरवर सुमारे 93 किलोचा रेटा येतो. एका वाशाच्या वाट्याला 3 चौरस मीटर पत्रा आला तरी 280 किलो झाले! आणि हा रेटा वर लागतो, म्हणजे पहारीने दगड उलथावा तसा वासा बुडाला उलथवतो. त्याला अडवते ती फक्त भोवतालची माती. म्हणून खड्डा रुंद करण्यापेक्षा खोल करावा.

विजेचा खांब साधारण लांबीच्या सहाव्या हिश्श्याइतका पुरतात. 9 मीटरचा असेल तर दीड मीटर. पण खांबाला पत्रा नसतो. आपल्या 15 फुटी वाशाचे साडेतीन ते चार फूट जमिनीत जाऊ द्यावेत.

आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते नि वासा सैल होतो. पावसात तीच लोण्यासारखी मऊ. तेव्हा काढलेली काळी माती परत लोटू नये. तळाला खडी घालावी, मग मुरूम वीत-वीत थराने टाकून धुमसाने ठोकावा. वर मातीचा उतार बाहेर द्यावा, पाणी बुडाशी थांबता कामा नये. लाकूड कुजते ते जमिनीलगतच. तेथे वर-खाली हातभर डांबर द्यावे. कोपऱ्याच्या वाशांना तिरके टेकू द्यावेत. विजेच्या खांबाला तार कधीही बांधू नये.

दरवर्षी वळवाआधी वाशाला खांदा लावून पाहा. हलला तर मुरूम पुन्हा ठोका. अडचण वाटल्यास गटातील चिटबॉयकडे निरोप द्यावा. आम्ही बांधावर येऊ.