झाड लागण्याआधीचं वर्ष

3 जुलै 2015. हैदराबादजवळच्या चिलकूर बालाजीच्या देवळापाशी तेलंगणाचे तेव्हाचे मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांनी ‘हरित हारम’ ही वृक्षलागवड मोहीम सुरू केली, तेव्हा चर्चा झाली ती 230 कोटी रोपांच्या आकड्याची. राज्यातलं वृक्षाच्छादन 24 टक्क्यांवरून 33 टक्क्यांवर न्यायचं होतं. पुढच्या वर्षापासून आपल्याकडे महाराष्ट्रातही दोन, चार, तेरा, तेहेतीस कोटी असे पाढे म्हटले गेलेच. अशा मोहिमांत खड्डे मोजतात, फोटो निघतात. रोप आलं कुठून, हे कुणी विचारत नाही. हैदराबादची ही दहा वर्षं मात्र मला रोपवाटिकांमुळेच लक्षात राहिली आहेत.

त्या 230 कोटींतली 100 कोटी जंगलातली होती आणि त्यातली 80 कोटी मुळी लावायचीच नव्हती. तोडलेल्या झाडांच्या खुंटांना फूट येऊ द्यायची, राखण करायची, एवढंच. सगळ्यात स्वस्त रोपवाटिका ती हीच! उरलेल्या रोपांसाठी मात्र वाफे, पिशव्या, पाणी आणि माणसं लागणार होती. हैदराबाद महानगराच्या वाट्याला त्यातली 10 कोटी आली.

रोपवाटिकेचं पंचांग सरकारी पंचांगाशी जुळत नाही. निंबोळी उन्हाळ्याच्या अखेरीस पिकते आणि तिचं बी काही आठवडेच उगवण्याजोगं राहतं. गोळा केली की लगेच गर काढून पेरायची. ते रोप लावायला मिळतं पुढच्या पावसाळ्यात. तोवर पिशव्या अधूनमधून हलवाव्या लागतात, नाहीतर मुळं तळ फोडून जमिनीत शिरतात. पिशवीत फार दिवस राहिली तर गोल गुंडाळतात, आणि तसं झाड खड्ड्यात गेल्यावरही नीट वाढत नाही. लागवडीआधी पाणी तोडत आणून, सावलीची जाळी काढून रोप काटक करायचं. जूनमध्ये ठरलेलं उद्दिष्ट जुलैत पुरं करायचं म्हटलं, तर यातलं काहीच होत नाही.

तेलंगणाच्या 2018च्या पंचायत राज कायद्याने खरा बदल केला. प्रत्येक ग्रामपंचायतीला स्वतःची रोपवाटिका आली, लावलेल्या झाडांपैकी 85 टक्के जगवण्याची जबाबदारी आली, आणि कुचराई केली तर सरपंचाच्या खुर्चीवर गदा. शिक्षेची भाषा मला फारशी आवडत नाही. पण रोप गावातच वाढलं की त्याला ट्रकमध्ये हेलकावे खावे लागत नाहीत, तिथल्याच मातीपाण्याची सवय झालेली असते. शहरात शोभेची मोठी झाडं गोदावरीकाठच्या कडियमहून सुमारे 400 किलोमीटरचा प्रवास करून येतात, त्यापुढे हा हिशेब सरळ आहे.

तरीही रोपवाटिका घसरली, ती सोप्या वाटेवर. कोनोकार्पस फांद्यांपासून भराभर होतं, गुरं त्याला तोंड लावत नाहीत, कमी पाण्यातही बारमाही हिरवं राहतं. ‘जगलेली’ टक्केवारी दाखवायला याहून सोयीचं झाड नाही. रस्त्यांच्या दुभाजकांवर त्याच्या रांगा उभ्या राहिल्या. मग परागकणांची, पाइपलाइनमध्ये शिरणाऱ्या मुळांची तक्रार सुरू झाली आणि 2022मध्ये ते रोपवाटिकांत वाढवू नये असं सरकारनेच सांगितलं. शास्त्रज्ञांत या तक्रारींवर एकमत नाही. माझा आक्षेप वेगळा आहे: फक्त जगण्याला गुण दिले, की रोपवाटिका एकाच झाडाचा कारखाना होते.

त्याच 2022च्या ऑक्टोबरमध्ये 158 किलोमीटरच्या बाह्य वळणरस्त्यावरच्या हिरवाईसाठी हैदराबादला दक्षिण कोरियातल्या जेजू बेटावर जागतिक हरित शहराचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. तो मिळायलाच हवा होता; वन सर्वेक्षणानुसार 2011 ते 2021 या काळात शहरातलं वनाच्छादन 33 वरून सुमारे 82 चौरस किलोमीटर झालं होतं.

सरकार बदललं, आता मोहिमेला ‘वनमहोत्सव’ म्हणतात. दुभाजकांवरची कोनोकार्पस काढून तिथे कडुनिंब किंवा करंज लावायचं असेल, तर त्याचं बी लागवडीच्या निदान एक पावसाळा आधी पिशवीत पडलेलं हवं.