केसांना कलप लावताना

कलप लावायचा तो केस काळे दिसावेत म्हणून. पण पुष्कळदा होते भलतेच. कुणाचे केस विटकरीसारखे तांबडे होतात. कुणाचे डोके काळे होते आणि कानशिले पांढरीच राहतात. कुणाचे केस डांबर फासल्यासारखे दिसतात. आणि कुणाचे केस छान काळे होतात, पण सकाळी उठून पाहावे तर डोळे सुजून बंद!

असे का होते? रंग खोटा होता म्हणून? नेहमी तसेच नसते. बहुतेक वेळा आपण डोक्याला काय लावतो आहोत, हेच आपल्याला नीट ठाऊक नसते.

आधी मेंदीचे पाहू. मेंदीच्या पानात एक तांबूस-नारिंगी रंग असतो. तो केसाला घट्ट धरून बसतो. पण तो आहे तांबूसच. पांढऱ्या केसावर तो तांबडा दिसतो. काळ्या केसावर जवळजवळ दिसतच नाही, फार तर उन्हात थोडी झाक मारतो. म्हणून अर्धे पांढरे डोके मेंदीने रंगवले की पांढऱ्या बटा तांबड्या होतात आणि काळ्या तशाच राहतात. लोखंडी कढईत, चहाच्या पाण्यात, आवळ्याची पूड घालून मेंदी भिजवायची चाल आहे, ती काही खुळी नाही. चहा-आवळ्यातला तुरटपणा आणि लोखंड मिळून काळपट रंग होतो, आणि मेंदी थोडी गडद चढते. पण तिचा तांबूसपणा जात नाही. नुसती मेंदी रात्रभर ठेवा नाहीतर दोन दिवस ठेवा, ती केस काळे करणार नाही.

मेंदीला वेळ लागतो. रात्री भिजवावी, सकाळी लावावी, दोन-तीन तास ठेवून साध्या पाण्याने धुवावी. पहिल्या दिवशी केस भडक नारिंगी दिसतात. घाबरू नये. दोन दिवसांत रंग आपोआप गडद होतो. तेव्हा लग्नाला जायचे असेल तर मेंदी आदल्या रात्री लावू नका, तीन दिवस आधी लावा.

मग पाल्याने केस काळे होतच नाहीत का? होतात. मेंदी धुतल्यावर त्याच केसांवर निळीच्या झाडाच्या पानांची पूड कालवून लावतात. तांबड्यावर निळा बसला की काळसर रंग दिसतो. ही पूड कोमट पाण्यात कालवून लगेच लावायची, रात्रभर भिजवायची नाही. तिचाही रंग एक-दोन दिवसांनी नीट चढतो, आधी हिरवट दिसतो. आणि ही नीळ म्हणजे पांढऱ्या धोतराला देतो ती नव्हे, बरे का! ती डोक्याला लावू नका.

आता बाजारातले पाकीट घ्या. त्यावर मेंदीच्या पानांचे चित्र असते. वर लिहिलेले असते ‘काळी मेंदी’. खाली असते, अर्ध्या तासात काळेभोर केस. इथे आपण थांबले पाहिजे. मेंदी काळा रंग देत नाही, हे आत्ताच पाहिले. मग अर्ध्या तासात काळे करणारे पाकिटात आहे काय?

त्यात असते एक रसायन. त्याचे नाव लांबलचक आहे, पॅरा-फेनिलिन-डायअमिन. डॉक्टर त्याला थोडक्यात पीपीडी म्हणतात. बहुतेक काळ्या कलपांत हेच किंवा याच्याच भाऊबंदांपैकी एखादे असते. फ्रान्स देशातल्या पॅरिस शहरात यूजीन श्युएलर नावाच्या रसायनतज्ज्ञाने १९०७ साली असा कलप बनवून तिथल्या न्हाव्यांना विकायला सुरुवात केली. तेव्हापासून ही रीत जगभर गेली.

हा कलप काम कसे करतो, ते मजेचे आहे. अरुंद तोंडाच्या बाटलीत कोरडे हरभरे टाका. सहज आत जातील. मग पाणी घाला. हरभरे फुगले की बाटली उलटी केली तरी बाहेर येत नाहीत. कलपाचेही तसेच. केसावर कौलांसारखे बारीक पापुद्रे असतात. कलपाचे लहान कण त्या कौलांच्या फटींतून आत शिरतात. त्या वेळी ते बिनरंगाचे असतात. आत गेल्यावर सोबतच्या दुसऱ्या औषधाने ते एकमेकांना चिकटतात, मोठे होतात, काळे होतात आणि तिथेच अडकतात. म्हणून हा रंग धुऊन जात नाही.

पण जे केसात शिरते ते कातडीतही शिरते.

एका बाईंनी मुलाच्या लग्नासाठी असे पाकीट आणले. मनात धाकधूक होती. जाऊबाई म्हणाल्या, “अगं, मेंदीच ती. मेंदीनं कुणाला काय झालंय?” आणि याआधी दोनदा लावली होती, काही झाले नव्हते. तिसऱ्या वेळी मात्र रात्री कपाळाला खाज सुटली. सकाळी कान सुजले, डोळे मिटले, मानेवर पाणी भरलेले फोड आले. मांडवाऐवजी बाई दवाखान्यात. “दोनदा काही झालं नव्हतं हो!” हेच त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

खरे आहे. पण या रसायनाचे असेच असते. अंगाला ते पहिल्या खेपेस परके वाटतेच असे नाही. अंग त्याची ओळख ठेवते आणि पुढच्या एखाद्या वेळी उसळते. एकदा उसळले की पुढे दर खेपेस उसळणार, बहुधा आधीपेक्षा जास्त. अशा माणसाने काळा कलप पुन्हा लावूच नये. शुद्ध मेंदी लावावी, नाहीतर पांढरे केस मिरवावेत. आम्हाला विचाराल तर पांढरे केस काही वाईट दिसत नाहीत. पण ज्याची त्याची आवड!

म्हणून कलपाच्या पाकिटावर आणि आतल्या कागदावर सूचना छापायची असा आपल्याकडे कायदाच आहे. ती इंग्रजीत आणि स्थानिक भाषेतही छापावी लागते. अक्षरे बारीक असतात, पण आता तुम्हाला वाचता येते. पाकीट उजेडात धरा आणि वाचा. तिथे सांगितलेले असते की आधी चाचणी घ्या. ती अशी. कानामागची किंवा कोपराच्या आतली थोडी जागा साबणाने धुवा. कलप लावायचा तसा कालवून थेंबभर तिथे लावा आणि वाळू द्या. चोवीस तासांनी धुवा. खाज, लाली, पुरळ आले तर ते पाकीट तुमच्यासाठी नाही. पुरळ कधी उशिरा उठते, म्हणून दोन दिवस वाट पाहिलेली बरी. आणि ही चाचणी दर वेळी घ्यायची, मागच्या दिवाळीला घेतली होती म्हणून चालत नाही. भुवयांना आणि पापण्यांना कलप कधीच लावू नये. डोळा जाऊ शकतो.

त्याच दिवशी मागच्या बाजूची एक बट रंगवून पाहा. रंग कसा येणार ते त्या बटेवर कळते. पाकिटावरच्या बाईच्या केसांवर भरवसा ठेवू नका.

आता लावायची रीत. केसांना तेल असेल तर रंग नीट धरत नाही, म्हणून आदल्या दिवशी न्हाऊन घ्यावे. डोक्यावर जखम, खरूज असेल तर लावू नये. हातात मोजे घालावेत. कपाळाला आणि कानांच्या कडेला खोबरेल लावावे, म्हणजे कातडी रंगत नाही. मेंदीला लोखंडी कढई चालते, कलपाला चालत नाही. काचेचा नाहीतर प्लॅस्टिकचा वाडगा घ्या. लागेल तेवढाच कालवा. उरलेला ठेवून दुसऱ्या दिवशी उपयोगी पडत नाही.

कानशिलावरचे पांढरे केस राठ असतात, रंग उशिरा घेतात. म्हणून सुरुवात तिथून करावी. पाकिटावर लिहिलेली वेळ झाली की पाणी रंगीत येईनासे होईपर्यंत धुवावे. जास्त वेळ ठेवून जास्त काळे होत नाही, कातडीच भाजते.

रंग निवडताना बहुतेक जण गडद काळा उचलतात. तिथेच डांबराचे काम होते. सावळ्या, उतारवयाच्या चेहऱ्याला काळपट तपकिरी रंग अधिक शोभतो. पण एक ध्यानात घ्या. काळ्या केसावर साधा तपकिरी कलप लावून केस उजळ होत नाहीत. कलप रंग चढवतो, असलेला उतरवत नाही.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. महिनाभरात मुळाशी पांढरी रेघ दिसू लागते. तेव्हा फक्त मुळांना लावा. टोकांना पुन्हा पुन्हा लावले की ती जास्त काळी आणि कोरडी होतात.

उरलेली पाकिटे फडताळात वर, कुलपात ठेवा. कलप पोटात गेला तर ते जालीम विष आहे. तोंड आणि घसा सुजतो, श्वास कोंडतो, लघवी काळसर होते, मूत्रपिंडे बंद पडतात. त्यावर उतारा म्हणून एक ठरावीक औषध नाही. लेकराने चाटल्याचा संशय जरी आला तरी ओकारी काढत बसू नका, सूज येण्याची वाट पाहू नका. लगेच मोठ्या दवाखान्यात न्या. निघताना रिकामे पाकीट बरोबर घ्या. त्यावर लिहिलेली नावे डॉक्टरांना लागतात.