गॅलरीतील चार कुंड्या

"वैद्यराज, आमच्या घरी तुळस टिकतच नाही. काही अशुभ तर नाही ना?" सदनिकेत राहणारे रुग्ण हा प्रश्न आम्हांस अनेकदा विचारतात. त्यामागील भीती खरी असते. कारण मात्र बहुधा कुंडीतच दडलेले असते.

छत्रपती संभाजीनगरचे हवामान कोरडे आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपर्यंत जातो. शहराची तहान पैठणच्या जायकवाडी जलाशयावर भागते आणि नळाला काही दिवसांआड पाणी येण्याचा अनुभव येथील वसाहतींना वर्षानुवर्षांचा आहे. तरीही कुंडीतील रोपे पाण्यावाचून मरतात त्याहून अधिक अतिजलाने मरतात, असे आमचे निरीक्षण आहे. आमच्याच चिकित्सालयातील पहिली कोरफड रोज पाणी घातल्याने मुळाशी कुजली होती.

दुसरी चूक मातीची. मराठवाड्याची काळी माती शेतात सोने पिकवते. कुंडीत मात्र ती चिकटून बसते, पाणी धरून ठेवते आणि सुकल्यावर भेगाळते. म्हणून माती, वाळू व कुजलेले शेणखत समभाग घ्यावे आणि कुंडीच्या तळाचे छिद्र मोकळे असल्याची खात्री करावी. बोटाचे एक पेर मातीत खुपसून पाहावे. ओल लागली तर पाणी घालू नये.

नवशिक्यांनी पुढील चार वनस्पतींपासून आरंभ करावा.

कोरफड : उजेड भरपूर, पाणी अत्यल्प. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी एकदा पुरे. पान कापल्यावर निघणारा पिवळा रस तीव्र विरेचक असतो. तो निथळू द्यावा. गर्भिणीस कोरफड पोटात देऊ नये.

तुळस : हिला रोज पाच-सहा तासांचे ऊन हवे. उत्तरेकडील अंधाऱ्या गॅलरीत ती खुरटणारच; त्यात दोष कोणाचा नाही. मंजिऱ्या वेळोवेळी खुडाव्यात. दोन-तीन वर्षांनी खोड काष्ठमय होऊन झाड थकते. त्याआधीच बी पेरून ठेवावे.

पानफुटी : पान ओलसर मातीवर ठेवले की कडेला रोपे फुटतात. पर्णबीज हे नाव सार्थ आहे. मुलांच्या हाती देण्यास याहून चांगले रोप नाही.

गुळवेल : खोडाचा वीतभर तुकडा लावला तरी रुजतो, छिन्नरुहा हे नाव तेच सांगते. वेल गॅलरीच्या गजांवर चढवावी.

गुळवेलीबाबत मात्र एक इशारा आवश्यक आहे. कोविडच्या साथीत अनेकांनी कुंपणावरची दिसेल ती वेल काढ्यात घातली. इ. स. २०२२ मध्ये केंद्रीय आयुष मंत्रालयाने गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या टिनोस्पोरा क्रिस्पा या वेलीपासून सावध राहण्यास सांगितले. त्या वेलीच्या खोडावर गाठी दाट असतात. चक्रलक्षणिका हा पर्याय आपणांस पाठ असतो. खोडाच्या आडव्या छेदातील ते चक्र रुग्णास प्रत्यक्ष दाखवणारे आपल्यापैकी किती? आणि ओळख पटली तरी मात्रा व काल वैद्यानेच ठरवावा. कुंडी म्हणजे औषधालय नव्हे.

म्हणून वैद्यमित्रांना आमची विनंती आहे. आपल्या चिकित्सालयाच्या दारात या चार कुंड्या ठेवाव्यात, प्रत्येकीवर नाव लिहावे आणि मागेल त्या रुग्णास ओळख पटवूनच रोप द्यावे. सोबत चिठ्ठीवर तीनच ओळी लिहाव्यात : ऊन किती, पाणी केव्हा, आणि विचारल्यावाचून पोटात घेऊ नये.

पुढच्या खेपेस तो रुग्ण व्याधीबरोबर रोपाचेही कुशल सांगेल. तुळस वाळल्याची भीती घेऊन आलेल्या गृहिणीस तर या तीन ओळी एखाद्या कल्पाइतक्याच उपयोगी पडतील.